तिसऱ्या फेरीचा भात

डॉक्टर कोणताही प्रश्न तीनदा विचारत. ऐकू कमी येत होतं म्हणून नव्हे. कान इतके तिखट होते की हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणी त्यांच्याविषयी काही बोललं तर ते बसल्या जागेवरून दुरुस्ती सुचवत. तीनदा विचारण्यामागे त्यांचा सिद्धांत होता. "काल रात्री काय जेवलात?" हे ते माणूस दारात आल्याबरोबर विचारत. माणूस म्हणे, "दोन फुलके आणि भाजी." रक्त घेताना पुन्हा तोच प्रश्न. "दोन फुलके, भाजी... आणि थोडा भात." काम संपवून माणूस बाहेर पडला की मागून हाक मारून तिसऱ्यांदा. तेव्हा एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत तो कबूल करी की शेजारी बारसं होतं आणि जिलेबी फार आग्रहाने वाढली होती. डॉक्टर हे तिसरं उत्तर लिहून घेत.

"पहिलं उत्तर शेजाऱ्यांसाठी असतं, अक्का," ते मला म्हणाले होते. "दुसरं डॉक्टरसाठी. तिसरं कंटाळ्यातून येतं, म्हणून खरं."

मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान होते, पण ते मला अक्का म्हणत. सगळ्या बायकांना अक्का आणि सगळ्या पुरुषांना अण्णा. कारखान्याचे जनरल मॅनेजर, ज्यांना त्यांचे सासरेसुद्धा साहेब म्हणत असावेत असं वाटे, त्यांनाही डॉक्टर भर मीटिंगमध्ये अण्णा म्हणत. साहेबांना हा मान वाटावा की अपमान, याचा साहेबांना शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. डॉक्टरांच्या बाबतीत बहुतेकांचं असंच व्हायचं. मलाही अजून नीटसं कळलेलं नाही की ते फार मोठे शास्त्रज्ञ होते की ज्यांना आयुष्यात कशाचाच निर्णय घेता आला नाही असे एक सज्जन गृहस्थ.

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवऱ्याला बंगळूरच्या एका सरकारी विमान-कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही नागपूरहून महादेवपुऱ्याच्या पलीकडे कारखान्याच्या वसाहतीत राहायला आलो. माझ्याकडे संख्याशास्त्राची एम.एस्सी. होती आणि रिकाम्या दुपारी होत्या. वसाहतीच्या दवाखान्यात आकडेमोडीला माणूस हवंय असं कळलं म्हणून गेले. डॉक्टर दवाखान्याचे प्रमुख. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात. मूळ कोणत्या गावचं आणि कोणत्या पेशव्याच्या काळात इकडे आलं, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. त्यांची मराठी अंगणात कानडी वेल पसरावी तशी होती. वाक्य मराठीत सुरू होई आणि थोड्याला स्वल्प, ठीकला सरी करत कुठेतरी कुंपणावर चढे.

"संख्याशास्त्र शिकलीस म्हणजे खोटं बोलायला शिकलीस की खोटं पकडायला?" हा मुलाखतीतला एकमेव प्रश्न.

"दोन्ही," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

काम असं होतं. वसाहतीतल्या सगळ्या प्रौढ माणसांची दर तीन वर्षांनी एकदा तपासणी करायची. सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, मग पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज पेलाभर प्यायला द्यायचं, दोन तास बसवून ठेवायचं आणि पुन्हा रक्त घ्यायचं. दोन तासांत शरीराने ती साखर कशी जिरवली यावरून माणसांचे तीन ढीग पडत. ठणठणीत, मधुमेही, आणि ज्यांना धड हेही म्हणता येत नाही आणि तेही, असे. आज अशांना प्रीडायबेटिस म्हणतात आणि त्याची जाहिरात बसच्या पाठीवर असते. तेव्हा पुस्तकातलं नाव लांबलचक इंग्रजी होतं. डॉक्टर त्यांना नुसतं 'मधले' म्हणत.

डॉक्टरांचा सगळा जीव या मधल्यांत होता. "आजारी माणूस स्वतः चालत दवाखान्यात येतो. त्याला मोजायला अक्कल लागत नाही," ते म्हणत. "मधला येत नाही. त्याला ठाऊकच नसतं आपण मधले आहोत ते. पण तोच उद्याचा दवाखाना आहे. मधले वाढताहेत की नाही, एवढं मला रिटायर व्हायच्या आत कळलं पाहिजे. बाकी काही नको."

पहिल्या फेरीच्या वेळी एका बाईंनी धसकून विचारलं होतं, "डॉक्टर, मी मधली निघाले तर माझं काय होणार?" डॉक्टर म्हणाले, "तुमचं मला माहीत नाही, अक्का. मी माणसं मोजत नाही, वसाहत मोजतो." बाई रडत घरी गेल्या. संध्याकाळी डॉक्टर त्यांच्या घरी जाऊन तासभर बसले, कॉफी प्यायले, आणि निघताना पुन्हा तेच म्हणाले. पण या वेळी बाई हसल्या म्हणे. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

ते वर्तमानपत्र एक महिना उशिरा वाचत. रोजचा अंक घेऊन, घडी न मोडता कपाटात ठेवायचे आणि महिन्यापूर्वीचा काढून वाचायचे. "ताज्या बातमीत अंदाज फार," ते सांगत. "महिनाभर मुरली की त्यातलं खरं खाली बसतं." त्या काळात दिल्लीत सरकारं येत-जात होती, त्यामुळे डॉक्टर पुष्कळदा ज्यांच्यावर तावातावाने टीका करत ते मंत्री केव्हाच घरी बसलेले असत. वैद्यकाची मासिकंही ते असंच मुरवत. याचं फळ पुढे त्यांना मिळालं, ते येईलच.

पहिल्या फेरीचा आकडा आला तेव्हा मी उत्साहाने त्यावर एक टिपण लिहून नेलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि टेबल डुगडुगत होतं त्या पायाखाली सरकवलं.

"एक आकडा म्हणजे अफवा, अक्का. दोन आकडे म्हणजे भांडण. तिसरा आला की स्वल्प बोलता येतं."

दुसऱ्या फेरीपर्यंत तीन वर्षं गेली आणि तेवढ्यात नवे जनरल मॅनेजर आले. या साहेबांना कोनशिलांची आवड होती. काहींना कुत्र्यांची असते तशी. वसाहतीच्या सायकल स्टँडला कोनशिला होती. पाण्याच्या टाकीला दोन होत्या, एक टाकी बांधल्याची आणि एक टाकी धुतल्याची. साहेबांना कळलं की आपल्या दवाखान्यात असा काही शास्त्रीय उद्योग चालतो, तेव्हा त्यांनी तो हाती घेतला. फाटकावर कापडी फलक लागला. तपासणीची तारीख महिनाभर आधी लाऊडस्पीकरवरून जाहीर झाली. उद्घाटनाला फीत कापली गेली. गर्दी आवरावी म्हणून शहरातून एक तुकडी मागवली होती, आणि त्या तुकडीच्या प्रमुखाने डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, "सर, प्रश्न एकदाच विचारू या. वेळ नाही."

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फीत कापलेली कात्री कुणाकडे द्यायची ते शोधत होते. डॉक्टर "सरी" म्हणाले. त्या दिवशी वसाहतीत कोणालाही तिसऱ्यांदा विचारलं गेलं नाही.

आकडा आला तो एकदम आभाळाला. मधल्यांचा ढीग इतका वाढला होता की मी बेरीज पुन्हा केली, मग नमुने पुन्हा तपासायला सांगितले. सगळं बरोबर होतं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "असं होत नाही," ते पुटपुटले. "वसाहत इतक्या लवकर पिकत नाही."

साहेबांना मात्र हा आकडा फार आवडला. त्यांना आहार-विभागाची नवी इमारत हवी होती आणि दिल्लीला पाठवायला चिंताजनक काहीतरी हवं होतं. त्यांनी माझ्याकडून आलेख मागवला. मी दोन ठिपके काढून दिले. डॉक्टरांनी बजावलंच होतं, "दोन ठिपक्यांत रेघ ओढायची नाही, अक्का. ही रांगोळी नव्हे." पण साहेबांनी तो कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनला दिला, आणि तिथल्या माणसांनी आयुष्यभर विमानांचे भाग काढले असल्यामुळे त्यांनी त्या दोन ठिपक्यांतून अशी लाल रेघ उडवली की ती कागदाच्या कडेवर जाऊनच थांबली. तो आलेख मोठा करून दवाखान्याच्या दाराशी टांगला. येणारा-जाणारा ती रेघ पाही आणि आपलं पोट चाचपी.

त्या रेघेत आमच्या घरचाही एक माणूस होता. माझा नवरा मधला निघाला.

तो मुळात मधुमेहाला भ्यायलेला होता. त्याचे वडील त्यानेच गेले होते. शेवटी पाय कापावा लागला होता. निकाल ऐकल्यावर त्याने भात सोडला, मग साखर, मग फळं, मग गप्पा. जेवायला आमच्याबरोबर बसेना. ताटलीत काकडी घेऊन खिडकीशी उभा राही. मी दवाखान्यात बसून हजार माणसांचे ढीग पाडत होते आणि घरी एका माणसाला धीर द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, "खरंच आहे का हो त्याला?"

"माहीत नाही."

"पण आकडा तर—"

"आकड्यालाच तर विचारतोय मी," ते म्हणाले, "तो बोलत नाही."

शेवटी मी त्यांना जेवायला बोलावलं. शेजारच्या सरोजाक्काही होत्या. त्या जुन्या बंगळुरी मराठी, आमच्या ब्लॉकच्या अघोषित मुख्याध्यापिका. मी भात वाढला. नवरा काकडी घेऊन खिडकीकडे निघाला.

"अण्णा," डॉक्टर म्हणाले, "हे केव्हापासून?"

"निकाल लागल्यापासून, सर."

डॉक्टरांनी सांबार ओतून घेतलं. दोन घास खाल्ले. "अण्णा, हे केव्हापासून?"

"तपासणीच्या... म्हणजे आदल्या दिवसापासून थोडं थोडं."

मग लोणचं कुठलं, कैऱ्या कुठल्या, अशी चौकशी झाली. हात धुवायला उठताना डॉक्टरांनी वळून तिसऱ्यांदा विचारलं.

नवरा कंटाळून म्हणाला, "सर, तारीख जाहीर झाली तेव्हापासून पथ्यावर होतो! शेवटचे चार-पाच दिवस तर कॅन्टीनमध्ये नुसती काकडी आणि ताक, घरी भूक नाही म्हणायचो. तपासणी म्हटल्यावर तयारी नको का करायला?"

"तर काय!" सरोजाक्का म्हणाल्या. "आमच्या अख्ख्या ब्लॉकने केली. मीच सांगितलं सगळ्यांना. भात बंद, चपाती बंद, कारल्याचा रस, मेथीचं पाणी. खालच्या मजल्यावरचे तर उभ्या आठवड्यात शिताला शिवले नाहीत. आपल्याकडची मुलं कधी परीक्षेत मागे राहिली आहेत का? मग मोठ्यांनी का राहावं? आणि एवढं करून नापास! माझा तर देवावरचा विश्वास उडाला."

डॉक्टर ओला हात तसाच धरून उभे राहिले. मग हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. हसता हसता ते पाटावर बसले.

"अहो, म्हणूनच नापास!" ते म्हणाले. "शरीराला आठ दिवस साखर दाखवायची नाही, आणि मग एका सकाळी एकदम पेलाभर ग्लुकोज. ते गोंधळणारच. महिनोन् महिने ज्या घरी पाहुणा येत नाही तिथे अचानक दहा पाहुणे आले तर काय होतं? पाट शोधा, ताटं शोधा. तोवर पाहुणे ओट्यावर उभे. ते ओट्यावरचे पाहुणे आपण मोजले, अक्का. या परीक्षेचा अभ्यास करायचा नसतो. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं पोटभर जेवून यायचं असतं."

"हे आधी नाही सांगितलंत?" सरोजाक्का म्हणाल्या.

"पहिल्या फेरीत सांगायची वेळच आली नाही. तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं की ही परीक्षा आहे."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. "म्हणजे मला नाहीये?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "तिसऱ्या फेरीत कळेल. तोवर जेव."

पण तिसरी फेरीच होईना. साहेबांना ती नको होती. त्यांच्याकडे दोन ठिपके होते, रेघ होती, इमारतीचा नकाशा होता. "डॉक्टर, आता मोजायचं काय राहिलंय? रेघ स्पष्ट आहे," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, ती रेघ ड्रॉइंग सेक्शनची आहे." त्यांच्या निवृत्तीला फार वेळ उरला नव्हता. फेरी झाली नसती तर एका वसाहतीच्या भीतीचा आकडा साखरेचा आकडा म्हणून कायमचा राहिला असता, आणि पहिला निव्वळ अफवा. हे ते मला रोज सांगत. तीनदा.

अखेर साहेब कबूल झाले, कारण डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तिसरा ठिपका आला की रेघ आणखी लांबवता येते. हे खरं होतं. ती कोणत्या दिशेला लांबेल ते साहेबांनी विचारलं नाही.

मग वसाहतीने असं दृश्य पाहिलं की ज्याची संगती कोणालाच लागली नाही. ज्या डॉक्टरांनी आयुष्यभर साखरेवर काम केलं, ते तपासणीच्या आधी तीन दिवस संध्याकाळी घरोघर फिरून लोक भात खाताहेत की नाही ते पाहू लागले. मी यादी घेऊन मागे. ते स्वयंपाकघरात शिरत, पातेल्यावरचं झाकण उचलत.

"भात कुठाय?"

"आज उपमा केलाय, डॉक्टर."

"उपमा सरी. पण भात? रोज करता ना? मग आजही करायचा. रोज जेवता तसं जेवायचं."

"पण डॉक्टर, साखर वाढेल ना?"

"भात नाही खाल्लात तर वाढेल!"

दार लावल्यावर आतून नवरा-बायकोचं भांडण ऐकू येई. डॉक्टर समजावायला जितके शब्द वापरत तितका घोटाळा वाढे. ओट्यावरच्या पाहुण्यांचा दृष्टांत त्यांनी इतक्यांदा दिला की एका घरी खरोखरच वीस माणसांचा स्वयंपाक झाला. दुसऱ्या दिवशी वसाहतीत ठरलं की भाताने मधुमेह बरा होतो. सरोजाक्का म्हणाल्या, "मग तीनच दिवस का? रोजच खाऊ की!" आणि त्यांनी होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, घाट घातला, कारण डॉक्टरांनी 'नेहमीसारखं' म्हटलं होतं आणि आनंदाच्या प्रसंगी होळगे करणं हेच त्यांच्याकडे नेहमीसारखं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातला तांदूळ संपला. दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, डॉक्टर सरी आहेत ना?" त्याने बोट डोक्याकडे नेलं होतं. मी "हो" म्हटलं, पण तो माझ्याकडे जसा पाहत होता त्यावरून त्याला आम्हा दोघांविषयीही तीच शंका असावी.

आमच्या घरी, डॉक्टरांनी 'जेव' म्हणूनही न ऐकलेल्या नवऱ्याने तीन वर्षांनी पहिल्यांदा ताटात भात घेतला. पहिला घास हातात धरून तो इतका वेळ बसला की भात निवला.

"खा रे," मी म्हटलं.

"खातोय. अगं, पण हे औषध आहे की विष, ते एकदा ठरवून सांगा ना तुम्ही लोक."

तिसऱ्या फेरीला फीत नव्हती. डॉक्टर स्वतः दारात उभे होते आणि प्रत्येकाला तीनदा विचारत होते. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास कोणी हलू नये म्हणून त्यांनी लोकांना महिन्यापूर्वीचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. एका पडलेल्या सरकारच्या भवितव्यावर पन्नास माणसं गंभीरपणे चर्चा करत होती.

आकडा दुसरीच्या बराच खाली आला आणि पहिलीच्या वर राहिला. मी तो घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी खूप दिवसांनी खुर्चीला पाठ टेकली. "म्हणजे वाढताहेत," ते हळूच म्हणाले. "पण तशी नव्हे." त्यांना हवं होतं ते मिळालं असं मला वाटलं. नवराही ठणठणीत ढिगात आला होता.

हे सुख आठवडाभर टिकलं. एके दिवशी साहेब स्वतः दवाखान्यात आले, हातात परदेशी मासिक घेऊन. तिकडच्या तज्ज्ञांनी नियम बदलला होता. उपाशीपोटीच्या साखरेची रेषा खाली आणली होती. काल जे मधले होते त्यांतले काही आता सरळ मधुमेही होते, आणि काल जे ठणठणीत होते त्यांतले कितीतरी आता मधले. साहेबांचा चेहरा उजळला होता. "नव्या नियमाने मोजा, डॉक्टर. आकडा दुसऱ्या फेरीच्याही वर जातो!"

तेच मासिक डॉक्टरांच्या कपाटात, घडी न मोडता, मुरत पडलं होतं.

मी दोन्ही नियमांनी हिशेब केला. जुन्या रेषेने पाहिलं तर आकडा उतरला होता. नव्या रेषेने पाहिलं तर चढला होता. पहिल्या फेरीचे जुने आकडे नव्या रेषेवर बसवायला घेतले तर यंत्र वेगळं, नमुने ठेवण्याची पद्धत वेगळी. तिसरा आकडा आला होता आणि आम्हाला पहिल्यापेक्षा कमी कळत होतं.

नवरा दवाखान्यात आला. जुन्या रेषेने तो ठणठणीत होता आणि नव्या रेषेने मधला.

"सर, मी आता नक्की कुठे आहे?"

"तू होतास तिथेच आहेस, अण्णा. उंबरठा सरकला."

"पण मी आत की बाहेर?"

"दारात."

"आमच्याकडे दारात उभं राहत नाहीत, सर. अशुभ मानतात."

डॉक्टरांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. "मग आत ये आणि जेव," ते म्हणाले. "पण स्वल्प. आणि जेवल्यावर चालायला जा. दोन्ही नियमांना चालेल."

निवृत्तीचा समारंभ आणि आहार-विभागाची कोनशिला एकाच दिवशी उरकायचं ठरलं. मंचावर लाल रेघेचा आलेख टांगला होता, आणि तिसरा ठिपका साहेबांच्या हस्ते लागायचा होता. नव्या नियमाचा, अर्थात. शाल झाली, श्रीफळ झालं, म्हैसूरपाकाचा पुडा झाला. साखरेच्या डॉक्टरला म्हैसूरपाक देण्यात काही विनोद आहे हे मंचावर कोणाच्या लक्षात आलं नाही. साहेब बोलले. त्यांच्या भाषणात 'युद्धपातळी' पाच-सहा वेळा आली. मग त्यांनी डॉक्टरांना माइक दिला. "आता डॉक्टर आपल्याला सांगतील, आकडा कुठे पोहोचला."

डॉक्टरांनी माइककडे संशयाने पाहिलं. मग आलेखाकडे.

"अण्णा, हा दुसरा ठिपका काढून टाका," ते म्हणाले. "तो साखरेचा नाही. तो भीतीचा आहे. लोक घाबरले होते, आपण घाबरवले होते, आणि ती भीती आपण नळीत घेऊन मोजली. पहिल्या आणि तिसऱ्यात वाढ आहे असं मला वाटतं. किती, माहीत नाही. नवा नियम धरला तर पहिल्यापासून परत सुरुवात केली पाहिजे." मग हॉलमध्ये चौथ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बोट केलं. "अक्का, बरोबर का?"

सगळा हॉल वळला. साहेबांच्या हातात चिकटवायचा लाल ठिपका होता. माझ्या शेजारी नवरा होता.

"सरी," मी म्हटलं. माझ्या तोंडून मराठीत काहीच निघालं नाही.

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. सरोजाक्कांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबवल्या. साहेबांनी ठिपका लावला. हातात होता म्हणून लावला. इमारत झाली. आहार-विभाग वर्षभर चालला असेल. नंतर तिथे समारंभाच्या खुर्च्या ठेवू लागले. चौथी फेरी झाली नाही. मधले खरोखर वाढत होते का, हे त्या वसाहतीपुरतं आता कोणालाही कधीच कळणार नाही. पुढे सगळा देशच त्या दिशेने गेला असं म्हणतात. पण डॉक्टर असते तर देशाला आधी विचारलं असतं, काल रात्री काय जेवलास.

ते वसाहत सोडून निघाले त्या दिवशी मी त्यांना बसस्टॉपवर पोहोचवायला गेले होते. शहराबाहेर आनेकलजवळ त्यांची थोडी जमीन होती, तिथे राहायचं होतं. बसमध्ये चढता चढता ते वळले. "चौथी फेरी तू कर, अक्का."

"कशी करू? वसाहत माझी थोडीच आहे?"

"चौथी फेरी तू कर." बस सुरू झाली. खिडकीतून त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं असावं. ओठ हलताना दिसले.

आता आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत मुलीच्या फ्लॅटजवळ राहतो. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, कल सुबह खाली पेट आ जाइए. आज थोड़ा लाइट खाइए, रिपोर्ट अच्छा आएगा."

मी म्हटलं, "तीन दिन बाद आऊंगी. दोनों आएंगे," आणि घरी येऊन कुकर लावला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय जेवायचंय?" त्याने विचारलं.

"नेहमीसारखं."

तीन दिवस आम्ही नेहमीसारखं जेवलो. मग जाऊन रक्त दिलं. आकडे आले. काय आले ते सांगण्यात अर्थ नाही. अफवा कशाला पसरवायची? अजून दोन यायचे आहेत. वसाहत आता दोनच माणसांची उरली आहे, पण फेरी चालू आहे.